मालकांकडून एसईओचं बजेट काढताना: उद्यमबागेतला वर्षभराचा अनुभव

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मार्केटिंगला आहे. मार्केटिंग म्हणजे कोटेशनं टाइप करणं, फॉलोअपचे फोन, वर्षातून एकदा प्रदर्शनाच्या स्टॉलवर उभं राहणं आणि दिवाळीला गिऱ्हाइकांना कुंदा पाठवणं. आम्ही सीआय (साधं ओतीव लोखंड) आणि एसजी आयर्न (त्याचा जास्त चिवट प्रकार) यांची कास्टिंगं, म्हणजे साच्यात ओतलेले भाग करतो, मुख्यतः पंप आणि व्हॉल्व्हची. जुलै २०२४ मध्ये मी ठरवलं की आमची वेबसाइट गूगलवर सापडेल अशी करायला, म्हणजेच एसईओला, मालकांकडून पैसे काढायचे. ते मिळाले फेब्रुवारी २०२५ मध्ये, आणि पुढे चालू राहतील हे कळलं ऑगस्टात. रक्कम ऐकून पुण्या-मुंबईचे लोक हसतील. पण सगळा धंदा तोंडओळखीवर उभा राहिलेल्या कारखान्यात पंधरा हजारांचा नवा मासिक खर्च मंजूर करून घेणं काय असतं ते इथल्यांनाच कळेल. मच्छे आणि होनग्याच्या कारखान्यांतल्या दोघांनी विचारलं, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

सुरुवात एका खरेदी अधिकाऱ्यापासून झाली. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडचे खरेदीचे साहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी तिशीतला मुलगा आला. त्यानं पहिल्याच महिन्यात दोन पार्ट दुसरीकडे दिले. मी फोन केला तेव्हा अगदी गोडीत म्हणाला, "मॅडम, तुम्ही वाईट नाही, पण मी ऑनलाइन शोधलं तेव्हा तुम्ही कुठंच नव्हता." आधीचे साहेब आमच्या मालकांना तीस वर्षं ओळखायचे. या मुलाला ओळखीचं काही पडलेलं नव्हतं.

मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा विषय काढला. अण्णांनी तिथंच खिशातून मोबाइल काढला, गूगलवर आमच्या कंपनीचं नाव टाकलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "हे बघ, पहिल्यालाच आहोत की आपण. आणि काय पायजे तुला?"

हा प्रसंग तुमच्याही वाट्याला येणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा. मी म्हटलं, "अण्णा, आपलं नाव माहीतच नाही असा माणूस काय टाइप करेल ते टाका." त्यांनी 'एसजी आयर्न व्हॉल्व्ह बॉडी कास्टिंग' टाकलं. कोइमतूर आलं, राजकोट आलं, कोल्हापूरचे शिरोलीवालेही आले. आमच्याच रस्त्यावरची एक फौंड्री दुसऱ्या पानावर होती. अण्णा त्यावर जरा थांबले, पण म्हणाले, "ती काय आपल्यापेक्षा चांगलं कास्टिंग करत नाहीत." विषय संपला. धाकटे मालक, म्हणजे दादा, बाजूलाच होते. त्यांचं मत पडलं की इन्स्टाग्रामवर रील टाकूया, फर्नेस ओतताना मस्त दिसतं. दिसतं खरंच, पण पंपाचं केसिंग कुणी रील बघून मागवत नाही असं माझं मत होतं आणि आहे.

त्या दिवशी एवढं समजलं की 'रँकिंग', 'ट्रॅफिक' हे शब्द अण्णांसमोर काढून उपयोग नाही. त्यांना एकच भाषा कळते, ती म्हणजे ड्रॉइंग, हव्या असलेल्या भागाचा मापांसकट नकाशा. गिऱ्हाइकानं ड्रॉइंग पाठवलं तर ती इन्क्वायरी, नाहीतर नुसती चौकशी. मग मी पैसे मागायचं थांबवलं आणि ड्रॉइंग मोजायला लागले.

आमच्याकडे इन्क्वायरी रजिस्टर आहे, तारीख, पार्टी, पार्ट, वजन, ग्रेड असे रकाने असलेलं. त्यात 'कुठून कळलं' असा एक रकाना वाढवला आणि फोन घेणाऱ्या ताईंना प्रत्येकाला तेवढं विचारायची विनंती केली. पहिले काही दिवस त्या विसरायच्या, मग मी फोनशेजारी चिठ्ठी चिकटवली. ह्याला एक पैसा लागला नाही आणि पुढची सगळी लढाई याच रकान्यावर जिंकली गेली. तुम्हाला कधीतरी बजेट मागायचं असेल तर हा रकाना आजच सुरू करा, कारण मागच्या महिन्यांची माहिती नंतर कितीही पैसे टाकून मिळत नाही.

तेच सर्च कन्सोलचं. गूगलचं हे साधन फुकट आहे, लोक काय टाइप करून तुमच्या साइटपर्यंत आले ते दाखवतं. पण साइट त्यात जोडल्यापासूनच माहिती साठायला लागते, आणि जोडायला साइट आपली आहे हे सिद्ध करावं लागतं. नेहमीचे मार्ग म्हणजे साइटवर एक फाइल चढवायची, नाहीतर डोमेनच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकायची. दोन्हीसाठी लॉगिन लागतं, आणि ते आमच्याकडे नव्हतं. साइट बनवणाऱ्यानं डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. दरवर्षी तो बिल पाठवायचा, आम्ही भरायचो. फोन उचलेना. गणपतीत भेटला तर "करतो की मॅडम" म्हणाला आणि पुन्हा गायब. शेवटी अकाउंट्समधल्या काकांनी युक्ती केली. लेटरहेडवर पत्र, त्याला जीएसटी प्रमाणपत्राची प्रत आणि आम्ही भरलेल्या सगळ्या नूतनीकरणाच्या बिलांच्या प्रती, रजिस्टर पोस्टानं. पोचपावती आली त्याच आठवड्यात लॉगिन आलं. तुमच्या कंपनीचं डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे ते आत्ता जाऊन बघा, बाकीचं नंतर वाचा.

ऑक्टोबरपासून आकडे दिसायला लागले. दहातले नऊ क्लिक आमच्या नावानंच शोधणाऱ्यांचे, म्हणजे ज्यांना आम्ही आधीच माहीत होतो त्यांचे. उरलेल्यांत नोकरी शोधणारी मुलं बरीच. साइटवरच्या सगळ्या पानांचं शीर्षक 'होम' असं होतं. ग्रेडचा, म्हणजे लोखंडाच्या ठरावीक प्रकाराचा, उल्लेख कुठेही नव्हता. आपल्याकडचा खरेदीवाला आयएस १८६५ या भारतीय मानकातला एसजी ४००/१५ शोधतो, जुन्या जर्मन ड्रॉइंगवर तेच जीजीजी ४० लिहिलेलं असतं आणि नव्या युरोपियन ड्रॉइंगवर ईएन-जीजेएस-४००-१५. ही नावं आमच्या मेथडवाल्यांच्या, म्हणजे कास्टिंग कसं ओतायचं ते ठरवणाऱ्यांच्या, तोंडावर असतात, पण साइटवर होतं काय, तर 'क्वालिटी इज अवर मोटो'. ते वाक्य काढायला नंतर अण्णांची परवानगी लागली, कारण ते त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं.

दिवाळीत फर्नेस बंद, गिऱ्हाइकं बंद. डिसेंबरात मला अण्णांची वेळ हवी होती तर सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, आणि वर १९२४ च्या बेळगाव काँग्रेसच्या शताब्दीची तयारी. गावभर रोषणाई, हायवेला गाड्यांच्या रांगा, आणि अण्णांचे पाहुणे. तीन वेळा ठरलेली बैठक पुढे गेली. तोवर मी एसईओचं काम करणाऱ्यांकडून दर मागवून ठेवले.

पुण्याची एक एजन्सी महिना ४५ हजार, आणि वर तीस दिवसांत पहिल्या पानाची गॅरंटी. गॅरंटी बघून दादा खूश झाले. मी गूगलच्याच सूचनांमधलं पान प्रिंट काढून दाखवलं. त्यात स्पष्ट म्हटलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. त्यांच्याच सांगण्यानुसार बहुतेक वेळा सुधारणा करून फायदा दिसायला चार महिने ते एक वर्ष लागतं. त्यामुळे गॅरंटीवाला पहिला बाद. टिळकवाडीत एकटा काम करणारा एक मुलगा १२ हजारात तयार होता, पण त्याची जीएसटी नोंदणी नव्हती. ते बेकायदा नाही, सेवेचा धंदा वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, पण आमच्या खरेदीच्या फॉर्ममध्ये जीएसटी नंबरचा रकाना रिकामा सोडता येत नाही. कोल्हापूरच्या दोघा मित्रांची फर्म २० हजार म्हणाली. हे दोघेच असे निघाले की ज्यांनी दर सांगण्याआधी "कारखाना बघायला येऊ का?" असं विचारलं. आले, मोल्डिंगपासून (साचे करणं) फेटलिंगपर्यंत (ओतलेले भाग साफ करणं) फिरले, एकानं कोअर (कास्टिंगच्या आत पोकळी ठेवणारा गाभा) हातात घेऊन हे कशाचं असतं म्हणून विचारलं. माझा कौल तिथंच ठरला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अण्णा निवांत सापडले. पॉवरपॉइंट केलं नाही. एका कागदावर मराठीत हिशोब लिहून नेला:

प्रदर्शनाचा स्टॉल, प्रवास, हॉटेल, नमुने नेण्याचा टेम्पो धरून ४,२५,०००. त्यातून ड्रॉइंग आली ११. म्हणजे एका ड्रॉइंगला साधारण ३८,६००.
ऑनलाइन डिरेक्टरीची वर्गणी ६०,०००. फोन भरपूर, पण मॅनहोलची झाकणं आणि जिमची वजनं मागणारेच जास्त. ड्रॉइंग ४. एका ड्रॉइंगला १५,०००.
ओळखीतून आलेल्यांचा खर्च शून्य, पण तीन वर्षांत त्यांची संख्या कमी होत चाललेली.
वेबसाइटवरून ड्रॉइंग: शून्य.

अण्णांनी कागद दोनदा वाचला. स्टॉलच्या आकड्यावर बोट ठेवून काकांना हाक मारली, "हे खरं काय हो?" काकांनी लेजर उघडून हॉटेलचं बिल दाखवलं. त्यांना मी दोन दिवस आधीच हिशोब दाखवून ठेवला होता, ते फार उपयोगी पडलं. अकाउंट्सच्या माणसाला मालकांसमोर पहिल्यांदा आकडा दाखवला तर तो स्वभावानुसार आधी चूक शोधतो.

मग अण्णांचा प्रश्न आला, "हे पैसे गूगलला जाणार का त्या पोरांना?" चांगला प्रश्न होता. जाहिरात वेगळी, तिथे प्रत्येक क्लिकचे पैसे गूगल घेतं आणि पैसे थांबले की जाहिरात थांबते. हे पैसे साइट दुरुस्त करायचे, पानं लिहायचे. गूगलला त्यातला रुपयाही जात नाही आणि त्यामुळेच गूगलवर आपला काही हक्कही राहत नाही. अण्णा म्हणाले, "म्हणजे पॅटर्नसारखं. एकदा बनवला की आपला." पॅटर्न म्हणजे ज्याच्या ठशावरून साचा बनतो ती भागाची प्रतिकृती. मी म्हटलं, होय, पण अधूनमधून घासावाही लागतो.

अण्णांनी तीन महिने द्यायची तयारी दाखवली. इथे मी नाही म्हटलं, आणि सगळ्या प्रकरणात मला धडधडलं असेल ते याच क्षणी. चार महिन्यांच्या आत काही दिसणारच नाही हे माहीत असताना तीन महिने घेणं म्हणजे तिसऱ्या महिन्यात नाक कापून घेणं. मी म्हटलं, मुदत सहा महिन्यांचीच द्या, काम कमी करूया. सगळी साइट नको, फक्त दोन पानं: एसजी आयर्नच्या व्हॉल्व्ह बॉडी आणि पंप केसिंग. त्यावर कोल्हापूरवाले १५ हजारांवर आले. सहा महिन्यांचे ९०,०००, वर १८ टक्के जीएसटी १६,२००. आणि खाली मी स्वतःहून लिहिलं: सहा महिन्यांत सहा ड्रॉइंग आली नाहीत तर बंद. सहा कशी? डिरेक्टरीचा १५ हजारांचा दर धरला. थांबायची अट पैसे मागणाऱ्यानंच लिहून दिली की मालकांचा अर्धा विरोध तिथेच मावळतो.

कागदपत्रांना आणखी काही दिवस गेले. व्हेंडर फॉर्म, पॅन, रद्द केलेला चेक, लघुउद्योग नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र. फर्म महाराष्ट्रातली म्हणून बिलावर आयजीएसटी, इथली असती तर नऊ-नऊ टक्के सीजीएसटी-एसजीएसटी. भरलेल्या कराचं क्रेडिट दोन्हीचं मिळतं, त्यामुळे कोल्हापूर की बेळगाव याला करासाठी घाबरायचं कारण नाही. टीडीएसवर, म्हणजे बिलातून कापून सरकारला भरायच्या आयकरावर, मात्र काका अडले. जाहिरातीचं काम म्हणून तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम १९४सी की तांत्रिक सेवा म्हणून १९४जे? आमच्या सीएंनी १९४जे खाली तांत्रिक सेवा धरून दोन टक्के सांगितलं, तेही जीएसटी सोडून मूळ रकमेवर. तुमच्या सीएंना आधीच विचारा, नाहीतर पहिलं बिल टेबलावरच पडून राहील. आणि समोरची फर्म उद्यम नोंदणीची सूक्ष्म किंवा लघु असेल तर पेमेंट करारात ठरल्याप्रमाणे आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी आयकरात धरता येतो. नव्वद-नव्वद दिवस लावणाऱ्या आमच्या काकांना हे फारसं आवडलं नाही.

१ फेब्रुवारी २०२५ ला काम सुरू झालं. सगळ्यात जास्त वेळ फोटोंनी खाल्ला. कास्टिंगवर गिऱ्हाइकाचा लोगो आणि पार्ट नंबर उठावात असतो, करारानुसार ते दाखवता येत नाही. गिऱ्हाइकांना परवानगीचे ईमेल केले. एकानं साफ नकार दिला, एकाकडून उत्तर यायला तीन आठवडे लागले. शेवटी आम्ही स्वतःच्या नावाची दोन नमुना कास्टिंगं ओतली आणि त्यांचे फोटो घेतले. प्रॉडक्शनवाल्यांची त्यासाठी जी बोलणी खाल्ली ती इथे लिहीत नाही.

गूगलच्या बिझनेस प्रोफाइलच्या (गूगलवर आणि नकाशावर दिसणारी कंपनीची नोंद) पडताळणीला व्हिडिओ लागला. रस्ता, पाटी, आतली मशिनरी, आणि तुम्ही इथले आहात याचा पुरावा, म्हणजे कुलूप उघडणं वगैरे, सगळं एकाच सलग व्हिडिओत, मध्ये कापाकापी चालत नाही. आमच्या शॉप फ्लोअरवर मोबाइलला बंदी. त्यामुळे माझ्याच मोबाइलसाठी मी गेटपास काढला, त्यावर सुरक्षा, प्रॉडक्शन आणि एचआर अशा तीन सह्या. पहिला व्हिडिओ फोर्कलिफ्ट आडवी आल्यानं वाया गेला. दुसरा पाठवला, तो चार दिवसांत मंजूर झाला. पत्त्याचं मात्र बघून घ्या. २०१४ पासून गावाचं सरकारी स्पेलिंग बदललं, जीएसटीवर नवं आहे, आमच्या साइटवर जुनं होतं, डिरेक्टरीत तिसरंच काहीतरी. प्रोफाइल आणि साइटवर जीएसटीप्रमाणे एकच पत्ता केला, जुनं स्पेलिंग पानावरच्या एका वाक्यात राहू दिलं, कारण बाहेरचे लोक अजून तेच टाइप करतात.

साइट उघडायला फार वेळ लागायचा. मुख्य पानावर फिरणारे सहा मोठे फोटो होते, त्यातला एक भूमिपूजनाचा. गूगलच्या मापानं पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. फोटो गेले, भूमिपूजनाचा 'आमच्याविषयी' या पानावर हलवला. तडजोड म्हणतात ती अशी.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल: काहीच नाही. सर्च कन्सोलमध्ये आम्ही दिसायचो ते पाचव्या-सहाव्या पानावर. दादा दर सोमवारी विचारायचे, "काय, आलं काय ड्रॉइंग?" या काळात मी महिन्याला एकच कागद द्यायचे, काय केलं आणि रजिस्टरात काय आलं, शून्य असेल तर शून्य. कोल्हापूरवाल्यांनी रंगीत आलेखांचा अहवाल द्यायची तयारी दाखवली होती, मी नको म्हटलं. अण्णांना आलेख दाखवला तर ते त्याखालचा रुपया शोधतात.

मेमध्ये पहिलं ड्रॉइंग आलं, हुबळीहून, तेही आम्हाला न झेपणाऱ्या वजनाचं. पण रकान्यात ताईंच्या अक्षरात 'गूगल' लिहिलेलं होतं. जूनमध्ये दोन आली. त्यातलं एक अहमदाबादच्या व्हॉल्व्हवाल्यांचं, त्यांनी शोधताना जीजीजी ४० हेच टाकलं होतं असं त्यांच्या माणसानं फोनवर सांगितलं. जुलैअखेर एकूण आकडा पाचवर थांबला. अट सहाची होती.

मी कागदावर पाचच लिहिलं. शेवटच्या आठवड्यात आलेला एक फोन मोजता आला असता, पण त्यांचं ड्रॉइंग आलेलं नव्हतं. अण्णांनी विचारलं, "अहमदाबादचं काय?" त्यांनी पॅटर्नचे पैसे आगाऊ भरले होते. फौंड्रीत राहिलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. ड्रॉइंग, कोटेशन, पॅटर्न, नमुना, मग नियमित ऑर्डर, याला सहज आठ-दहा महिने जातात, त्यामुळे सहा महिन्यांत ऑर्डर दाखवा असं कुणी म्हटलं तर ते शक्यच नसतं. पॅटर्नचे पैसे ही त्यातल्या त्यात पक्की खूण. अण्णा म्हणाले, "एक कमी पडलं ते पडलं. मार्चपर्यंत चालू दे." डिरेक्टरीची वर्गणी पुढच्या वर्षी भरायची नाही असंही त्यांनीच काकांना सांगितलं. स्टॉल मात्र सोडणार नाहीत, तिथं त्यांचे जुने दोस्त भेटतात.

नव्या करारात मी तीन गोष्टी लिहून घेतल्या: डोमेन, सर्च कन्सोल आणि प्रोफाइल कंपनीच्या ईमेलवर राहतील, लिहिलेली पानं आणि काढलेले फोटो कंपनीचे, दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस. रक्कम आता १८ हजार आहे, कारण तिसरं पान धरलंय, मशीनिंग केलेल्या पार्टचं. त्यासाठी एका गिऱ्हाइकाच्या परवानगीचा ईमेल अजून यायचाय. दादांनी फर्नेसचं रील शेवटी काढलंच, त्याला बऱ्यापैकी लाइक आहेत. 'कुठून कळलं' रकान्यात त्याचं नाव आलं की इथेच लिहीन.